‘जेवलास का?’च्या पुढे

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला खेटून आखन नावाचं शहर आहे. तिथल्या र्‍यूत्शर रस्त्यावर विद्यार्थी वसतिगृहाचे चार उंच मनोरे उभे आहेत. १ नोव्हेंबर २०२४ला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, त्यातल्या एका मनोऱ्याच्या सामाईक स्वयंपाकघरात मी भिंतीला टेकून उभी होते. अकोल्याची एक मुलगी कढईत तेल तापवत होती. सांगलीचा एक मुलगा दोन्ही खिडक्या सताड उघडून, छतावरच्या धुराच्या यंत्राखाली टॉवेल हलवत होता. फोडणीचा धूर वर गेला की यंत्र कोकलतं, सगळा मजला खाली उतरतो आणि अग्निशमन दलाची गाडी आली तर बिल आपल्या माथी येईल, अशी धास्ती. मोहरी तडतडली, यंत्र गप्प राहिलं, आणि खोलीतल्या सातही जणांनी सुस्कारा सोडला.

इथे पावणेसहा वाजले होते. सांगलीत सव्वादहा. तिथली पूजा आटोपली होती, लाह्या-बत्तासे वाटून झाले होते, आणि मुलाचा फोन कॉफीच्या बरणीला टेकवून उभा केला होता. पडद्यावर आई, मागे काकू, त्यामागे रांगोळी.

“जेवलास का?”

“हो, जेवलो की. सगळं ठीक आहे.”

भात अजून शिजायचा होता. मुलाने सकाळपासून एक केळं खाल्लं होतं, हे त्यानेच मला दुपारी सांगितलं होतं. फोन संपला तेव्हा तो खिडकीशी गेला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिला. १ नोव्हेंबर हा या भागात सर्व संतांचा दिवस, शांततेची सार्वजनिक सुट्टी. दुकानं बंद, रस्ते रिकामे. लोक स्मशानात जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर लाल काचेतले दिवे लावतात. दुपारी मी ते बघून आले होते. शेकडो दिवे होते, पण ते सगळे गेलेल्यांसाठी. त्या संध्याकाळी या मुलांना कसं वाटत असेल, ते मला तिथे समजलं.

संपादकांनी या लेखासाठी विषय दिला होता ‘अंतर’. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या मनाबद्दल लिहावं असं ठरलं, तेव्हा आखनच निवडलं, कारण इथलं १८७०मध्ये सुरू झालेलं तंत्रविद्यापीठ पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मनीत २०२३-२४च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली होती. परदेशी विद्यार्थ्यांत चिनी मुलांना मागे टाकून भारतीय आधीच पहिल्या क्रमांकावर आले होते. त्यांनी तिथे काय शिकावं यावर भरपूर छापून येतं. आतून काय चालतं, त्याची विचारपूस फारशी कोणी करत नाही.

पुण्यातला आलेख

आखनला जाण्याआधी मी पुण्यात निघायच्या तयारीतल्या मुलांच्या एका मार्गदर्शन वर्गात बसले. तीस-पस्तीस मुलं, मागच्या रांगेत आई-वडील. पहिला दीड तास पैशांचा. वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात भरायचे, त्यातून महिन्याला ९९२ मिळणार. शिक्षणशुल्क बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, पण सहामाही वर्गणी आहे. आरोग्यविमा सक्तीचा. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मागच्या रांगेतले वडील हे सगळं वहीत उतरवून घेत होते.

शेवटच्या पाच मिनिटांत पडद्यावर एक वक्र रेषा आली. आधी आनंद, मग खाली घसरण, मग पुन्हा वर. “तीन-चार महिन्यांनी थोडं उदास वाटेल, नॉर्मल आहे, आपोआप जातं,” शिक्षिका म्हणाल्या. प्रश्न कोणी विचारला नाही.

ही रेषा जुनी आहे. १९५५मध्ये स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवरून ती मांडली. त्याच सुमारास कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ केला आणि दोन्ही गोष्टी हातात हात घालून जगभरच्या मार्गदर्शन वर्गांत जाऊन बसल्या. पण १९९८मध्ये कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोहोचल्यापासून वर्षभर ठरावीक टप्प्यांवर तपासलं, तेव्हा उलटंच दिसलं. सुरुवातीचा मधुचंद्र नव्हताच. सगळ्यांत जास्त त्रास अगदी पहिल्या दिवसांत होता.

आखनमध्ये मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्या आठवणी याच बाजूने साक्ष देतात. नाशिकची मुलगी म्हणाली, “पहिल्या रात्री खोलीत गादी होती, पण चादर-उशी आपण आणायची असते हे माहीतच नव्हतं. शनिवारी रात्री पोचले, रविवारी सगळी दुकानं बंद. जॅकेट पांघरून झोपले. मावशी, मी पहिल्याच रात्री ठरवलं होतं की चूक झाली.” पण घरी तिने विमानतळावरचा हसरा फोटो पाठवला होता. मग पहिल्या आठवड्यात रडू आलं की त्या पुण्याच्या आलेखानुसार तिच्यातच काही बिघाड ठरतो. शेजारच्या खोलीतही तसंच चाललं असेल, हे तिला कोण सांगणार? हा आलेख आता त्या पडद्यावरून काढून टाकायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

हाइमवे

घराच्या ओढीने होणाऱ्या दुखण्याला जर्मन भाषेत ‘हाइमवे’ म्हणतात. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे कळ. १६८८मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात याच दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि त्याला ग्रीक शब्द जोडून नवं नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. आज आपण हा शब्द जुन्या गाण्यांसाठी वापरतो. जन्माला आला तो आजाराचं नाव म्हणून.

होफरने नोंदवलेल्या रुग्णांत बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक विद्यार्थी आहे. अंगात ताप, मनाला खिन्नता, मरणाच्या दारात. त्याला घरी नेण्याची तयारी सुरू झाली आणि त्याला हुशारी वाटू लागली, बर्न गाठायच्या आत तो बरा झाला. या दोन शहरांत अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून सातारा. मुलांना “एवढं काय, हल्ली व्हिडिओ कॉल आहेत” असं म्हणणाऱ्यांनी हा मुलगा लक्षात ठेवावा. कळ किलोमीटरवर ठरत नाही.

परदेशी शिकायला गेलेल्यांतली आपल्याकडची पहिली ठळक आठवण आनंदीबाई जोशींची. १८८३मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी पती गोपाळराव यांच्याशिवाय अमेरिकेला गेली, १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. गोपाळरावांची पत्रं कधी प्रेमाची, कधी जिव्हारी लागणारी. थंडी, शाकाहार, आजारपण. आपण तिच्या जिद्दीचे धडे वाचून मोठे झालो, पण ती टिकली त्यात रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंचा वाटा फार मोठा होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. दमून, चिडून, आजारी होऊन जिथे जाता येईल असं परक्या देशातलं ते एक घर होतं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात आनंदीबाई गेल्या, आणि त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवली. त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिचा दगड आजही आहे.

दोन्हीकडचं ‘ठीक’

सांगलीच्या मुलाबरोबर मी दुसऱ्या दिवशी चालत चालत लाउसबेर्गच्या टेकडीवर गेले. तो यंत्र अभियांत्रिकीचा, दुसऱ्या वर्षाचा. “खोटं बोलतोस घरी?” असं विचारलं तर तो जरा दुखावला. “खोटं कसलं? आई तिथं बसून करणार काय? रात्रभर झोपायची नाही, सकाळी बाबांची शुगर वाढणार. त्यापेक्षा ‘ठीक’ म्हटलेलं बरं.”

मग त्याने त्याची पद्धत समजावून दिली. रडू येण्यासारखा दिवस असेल तर फोन करायचाच नाही, मेसेज टाकायचा. व्हिडिओ कॉल करायचा तर खिडकीसमोर, तोंडावर उजेड येईल असा, कारण दिव्याखाली डोळे सुजलेले दिसतात. पलंगावरचा पसारा चौकटीबाहेर. आवाज भरून यायला लागला तर “नेट जातंय” म्हणून कॅमेरा बंद. हे सगळं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी आणखी चौघांना विचारलं तर चौघांकडे याच युक्त्या होत्या, थोड्या फरकाने.

मानसशास्त्रात याला भावना दाबणं म्हणतात. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९३मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना अंगावर काटा येईल अशी चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले. पण घृणा कमी झाली नाही, उलट शरीराच्या काही खुणांमध्ये ताण वाढलेला दिसला. दाबलेली भावना आत आपलं काम करत राहते. याहून मला अस्वस्थ केलं ते एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या कामाने. अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांनी एक त्रासदायक फीत बघून एकमेकींशी बोलायचं होतं. जोडीतल्या एकीला गुपचूप सांगितलेलं, भावना दिसू द्यायच्या नाहीत. तिच्याशी बोलताना समोरचीचा रक्तदाब वाढला, आणि त्या समोरचीला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. आईला काळजी वाटू नये म्हणून मुलगा चेहरा सपाट ठेवतो, आणि आई फोन ठेवल्यावर म्हणते, “काहीतरी बिनसलंय त्याचं, मला कळतं.” त्या दोघींच्या खोलीत जे मोजलं गेलं, ते या घरात रोज घडत असावं असं मला वाटतं.

परतल्यावर मी सांगलीला त्या आईकडे गेले. मुलाची परवानगी घेऊनच. त्यांनी चहा केला, फराळाचं ताट पुढे ठेवलं आणि तासाभराने हळूच सांगितलं की ऑगस्टमध्ये मुलाच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली. “त्याला नाही सांगितलं. परीक्षा होती. तो तिथं बसून करणार काय?”

मुलाचं वाक्य, शब्दाला शब्द.

मी गप्प बसले. दोघंही एकमेकांना जपत होते, दोघंही रात्री एकटे जागे राहत होते. अशा घरांत मुलाला कधी ना कधी चुलतभावाकडून कळतंच. मग त्यानंतरचा आईचा प्रत्येक ‘ठीक’ त्याला संशयाने ऐकावा लागतो. अकोल्याच्या मुलीचं हेच झालं होतं. आजी गेल्याचं तिला अकराव्या दिवशी कळलं. “आता घरून फोन यायला उशीर झाला तरी छातीत धडधडतं, काकू. काय लपवताहेत कोण जाणे.” त्या अकरा दिवसांत तिने आजीसाठी दोन वेळा व्हॉइस मेसेज पाठवले होते.

तिसरी संधी

मुलांच्या भीतीचं सगळ्यांत मोठं नाव आहे परीक्षा, आणि तीही आपल्याकडच्यासारखी नाही. इथल्या पुष्कळ अभ्यासक्रमांत एका विषयाला साधारण तीन संधी मिळतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही नापास झालं तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडे घेण्याचा रस्ताही जवळपास बंद होतो. विद्यार्थी म्हणून मिळालेला परवाना शिक्षणाशी बांधलेला. त्याच्यामागे बँकेचं कर्ज, त्याला तारण ठेवलेलं घर किंवा शेत. ‘एटीकेटी’च्या सवयीतून आलेल्या मुलाला हे पहिल्यांदा नापास झाल्यावर समजतं.

नांदेडकडचा एक मुलगा असा तिसऱ्या संधीपर्यंत आला होता. रात्री गोदामात खोकी उचलायची, दिवसा झोपायचं, व्याख्यानं बुडवायची. डिसेंबरमध्ये इथे सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो आणि सकाळी साडेआठपर्यंत उगवत नाही, त्यामुळे तो दिवसचे दिवस उजेडच बघत नव्हता. मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून तो आधी बोलायचा थांबला, मग बाहेर पडला. “मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं,” तो म्हणाला. त्याला वाचवलं शेजारच्या खोलीतल्या इराणी मुलाने. त्याने तीन दिवस दार ठोठावलं, चौथ्या दिवशी त्याला हाताला धरून विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे नेऊन बसवलं.

ही व्यवस्था कशी चालते हे सांगायलाच हवं, कारण बहुतेक मुलांना तिचा पत्ता उशिरा लागतो. जर्मनीत वसतिगृहं आणि विद्यार्थी भोजनगृहं चालवणाऱ्या ‘श्टुडिरेंडनवेर्क’ या संस्था आहेत. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत विद्यार्थ्यांनीच सुरू केलेल्या मदतगटांतून त्या वाढल्या. त्यांतल्या पुष्कळशा मानसिक समुपदेशनही देतात, आणि आखनसारख्या विद्यापीठांचा स्वतःचा विभागही असतो. पैसे लागत नाहीत. इंग्रजीत बोलता येतं. दीर्घ उपचार लागले तर सरकारी आरोग्यविम्यात मानसोपचाराचा खर्च बसतो, मात्र जागा मिळायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं, म्हणून पहिली पायरी हे समुपदेशनच.

नांदेडच्या मुलाला एकच भीती होती: व्हिसा कार्यालयाला कळलं तर? मी भेटलेल्या बहुतेक मुलांना ती होती. खरं असं की समुपदेशक आणि डॉक्टर यांच्यावर गुप्ततेचं कायदेशीर बंधन आहे. जर्मन दंडसंहितेच्या २०३व्या कलमाखाली ते मोडणं गुन्हा ठरतो. त्याला तिथे समजलं की आजारी असताना डॉक्टरचा दाखला वेळेत दिला तर परीक्षा पुढे जाते आणि संधी वाया जात नाही. सत्राची रजाही मागता येते. मन आजारी असलं तरी तो आजारच, हा दाखला त्यालाही मिळतो. त्याने परीक्षा पुढे ढकलली, गोदाम सोडलं, विभागात सहायकाचं कमी तासांचं काम धरलं. विषय सुटला.

रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर ‘टेलेफोनझेलझोर्गे’ची मोफत सेवा चोवीस तास असते: ०८००-१११०१११. तिथे मुख्यतः जर्मन बोलावं लागतं. आणि इकडे घरी बसून झोप उडालेल्या आई-वडिलांसाठी भारत सरकारची ‘टेली-मानस’ आहे, १४४१६. २०२२मध्ये सुरू झाली, तिथे मराठीत बोलता येतं.

परदेशी मुलांशी पुष्कळ वर्षं बोलत आलेल्या एका समुपदेशक बाईंना मी विचारलं, मुलं आली की तुम्ही पहिलं काय विचारता? मला वाटलं त्या झोपेबद्दल म्हणतील. त्या म्हणाल्या, “शेवटचं जेवण तू कोणाबरोबर केलंस?” उत्तर आठवायला किती वेळ लागतो, यावरून त्यांना बरंच समजतं.

रविवारचं टेबल

सातजणांच्या त्या स्वयंपाकघरात एक नियम आहे. कोणी कधी ठरवला, आता कोणाला नीट सांगता येत नाही. रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. रविवार मुद्दाम. त्या दिवशी दुकानं बंद, बसगाड्या कमी, शांततेचा नियम इतका कडक की काचेच्या बाटल्याही कचऱ्याच्या टाकीत टाकायच्या नाहीत. एकट्या माणसाला तो दिवस खायला उठतो.

मी ३ नोव्हेंबरच्या रविवारी पुन्हा गेले. आदल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली होती आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालं होतं. संध्याकाळी प्रयोगशाळेतून सुटेपर्यंत घरची मंडळी झोपलेली, त्यामुळे फोनच्या वेळा पुन्हा लावायच्या होत्या, ही पहिली चर्चा. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा नव्याने आलेला एक कोरियन मुलगा दचकून उभा राहिला. दुसऱ्या शिट्टीला तो हसला. कांदा चिरायला तोच बसला.

जेवताना एकेक जण बोलतं. आठवड्यात काय वाईट झालं, तेवढंच. ऐकणाऱ्यांनी उपाय सुचवायचा नाही. नाशिकच्या मुलीने सांगितलं की गटातल्या सादरीकरणात तिच्या उच्चारावर कोणी हसलं आणि ती उरलेला तास एक शब्द बोलली नाही. अकोल्याची म्हणाली, “आजीचा वाढदिवस होता बुधवारी.” कोणी काही बोललं नाही. सांगलीच्या मुलाने तिच्या ताटात आमटी वाढली.

सगळ्यांत शेवटी तो स्वतः बोलला. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले होते, हे त्याने घरी वर्षभर सांगितलेलं नव्हतं. टेबलावरच्या सहाजणांना मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला सावरणारी कार्पेंटर मावशी म्हणजे हे टेबल आहे, असं मला तेव्हा वाटलं.

डिसेंबरात त्याचा मेसेज आला. त्याने घरी सांगितलं. आईने आधी रडून घेतलं, मग बाबांच्या अँजिओप्लास्टीचं सांगितलं, मग तो रडला. फोन दोन तास चालला. कॅमेरा चालू होता.

वाचकहो, दिवाळीत कित्येक घरांत असे फोन येतात. ‘जेवलास का?’ जरूर विचारा, आपल्याकडे मायेची सुरुवात तिथूनच होते. पण त्यापुढे ‘कोणाबरोबर जेवलास?’ हेही विचारा. उत्तर ‘एकटाच’ असं आलं तर विषय बदलू नका, फोन काकूच्या हातात देऊ नका, थोडा वेळ तिथेच थांबा. आणि घरात कोणी आजारी असेल, तर त्याच फोनवर ते मुलाला सांगून टाका.